ढोलकीसारखं अंडं

फराळाचं ताट शेजारी ठेवून हा अंक वाचत असाल तर आधी ताट संपवा, मग माझ्याकडे या. मी एकतीस वर्षं जनावरांचं शेण तपासलं आहे, आणि त्याबद्दल आडपडदा ठेवून लिहिणं मला जमणार नाही.

पाटीवर माझं पद ‘प्रयोगशाळा तंत्रज्ञ’ असं होतं. वर्ध्यात जिल्ह्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात, औषधांच्या कोठीला लागून असलेल्या खोलीत मी बसत असे. एक सूक्ष्मदर्शक, एक मोरी, काचेच्या नळ्यांचे दोन स्टँड आणि खिडकीबाहेर गाभण म्हशींची रांग. बाहेरचे लोक ‘शेणवाली मॅडम’ म्हणायचे. माझ्या सासूबाई पाहुण्यांना सांगायच्या, “सून लॅबमधी आहे.” कशाच्या लॅबमध्ये ते त्या सांगत नसत. मग पाहुणे मला आपली साखर किती आली ते विचारायचे.

नमुने कशातून येतील याचा नेम नसे. श्रीखंडाचा डबा, तंबाखू-सुपारीच्या खर्र्याची पन्नी, तेलाच्या बाटलीचं झाकण. पवनारचे एक भाजीवाले काका गाईचं शेण केळीच्या पानात इतकं सुबक बांधून आणत की हातात घेताना नमस्कार करावासा वाटे. एकाने तर स्टीलचा डबा टेबलावर ठेवला आणि काम झाल्यावर परत मागितला. “मोरीत धुऊन घेतो ना मॅडम, पोराच्या शाळेचा डबा हाय.” त्या पोराचा विचार मी पुढे कितीतरी दिवस करत होते.

काम सोपं आहे. मिठाचं दाट पाणी करायचं. त्यात नमुना कालवून चहाच्या गाळणीने गाळायचा, नळीत काठोकाठ भरायचा आणि वर काचेची चकती ठेवायची. जंतांची अंडी हलकी असतात, मिठाच्या पाण्यात वर येतात आणि चकतीला चिकटतात. पंधरा-वीस मिनिटांनी ती चकती सूक्ष्मदर्शकाखाली. प्रत्येक जंताचं अंडं वेगळं. काही गोल, काळसर, जाड सालीची. हूकवर्मचं अंडं पातळ कवचाचं, आत द्राक्षाच्या घोसासारखे दाणे. हूकवर्म हा आतड्याला दातांनी धरून रक्त पिणारा जंत आहे, बारकी पिल्लं त्याने पांढरी पडून मरतात.

काही अंडी जड असतात. ती मिठाच्या पाण्यात नुसती ठेवून वर येत नाहीत, त्यासाठी नळी मशीनमध्ये घालून गरगर फिरवावी लागते. शिवाय काही जंत रोज अंडी टाकत नाहीत. आज नमुन्यात काही नाही, परवाच्या नमुन्यात भरपूर, असं होतं. म्हणून आम्ही रिपोर्टवर ‘जंत नाहीत’ असं कधी लिहीत नाही. ‘आढळले नाहीत’ असं लिहितो. या दोन वाक्यांत किती अंतर आहे हे मला पहिल्या महिन्यात शिकवलं होतं, आणि पुढची तीस वर्षं ते दुसऱ्या कोणाला समजावून सांगायची गरज मला वाटली नाही. त्याचीच ही हकिकत आहे.

निवृत्तीच्या आधीचं वर्ष. आम्ही राहतो ते लेआउट, म्हणजे प्लॉट पाडून वसवलेली वसाहत, वर्ध्याला लागून सिंदी मेघेत. मध्ये एक मोकळं मैदान, तारेचं कुंपण, दोन कडुनिंब, एक नळ आणि कोपऱ्यात टिनाची खोली. लग्नाचा मांडव, गणपती, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, सगळं तिथेच. ढोबळे काकांनी त्याचं कुत्र्यांचं मैदान केलं. काका रेल्वेतून निवृत्त झालेले, पत्नी गेलेली, मुलगी परगावी. घरात ते आणि शेरू. शेरू म्हणजे आपला गावठी, पिवळसर, एक कान मोडलेला. काकांचं म्हणणं साधं होतं. “दिवसभर साखळीले बांधून कुत्रं पागल होते. सकाळी एक घंटा मोकळं सोडलं तं काय बिगडते?”

सुरुवातीला तीन कुत्री होती. मग सात झाली, मग बारा. लेआउटच्या कमिटीचे सचिव वानखेडे साहेब, त्यांनी ‘डॉग पार्क’ अशी पाटी रंगवून घेतली आणि स्थानिक पेपरात तिचा फोटोही आला. काका एकटेच प्लास्टिकची पिशवी हाताला गुंडाळून शेरूची घाण उचलायचे. बाकीचे हसायचे आणि आपापल्या कुत्र्याची तशीच सोडून घरी जायचे.

ती उचलायची कुसुम. टिनाच्या खोलीत कुसुम आणि तिचा नवरा राहत. मैदानाची राखण, झाडांना पाणी, झाडलोट ही कामं त्यांच्याकडे. कारंजा तालुक्यातल्या एका गोंड गावची माणसं. आईशी फोनवर ती गोंडीत बोलायची, तेव्हा तिचा आवाज मोकळा आणि मोठा व्हायचा. आमच्याशी बोलताना परत बारीक. तिच्या खोलीच्या आडोशाला काळी नावाची कुत्री राहायची. ती कुणाचीच नव्हती, पण भाकरी कुसुमची खायची, म्हणून तिची म्हणायची. काळीला त्या हिवाळ्यात तीन पिल्लं झाली.

त्याच हिवाळ्यात मैदानातली कुत्री बिघडायला लागली. आधी एक पामेरियन, मग वानखेडे साहेबांचा जर्मन शेफर्ड, मग शेरू. सगळ्यांचं सारखंच. कुत्रं दिवसातून दहा वेळा बसायचं, कुंथायचं. थोडीशी शी, तिच्यावर शेंबडासारखी आव आणि शेवटी ताज्या लाल रक्ताचे थेंब. दोन दिवस बरं वाटायचं, परत तेच. अंगावरचं मांस उतरत चाललेलं. लोकांनी दुकानातून जंताच्या औषधाची बाटली आणून पाजली, काही फरक पडला नाही.

एका रविवारी वानखेडे साहेब घरी आले. चहा घेता घेता म्हणाले, “मॅडम, तुमी त यातल्या जानकार. ते काळी कुत्री तिथं पडून राहते, तिचीच घान सगळीकडे. तिची तपासनी करून द्या ना. लेखी पाह्यजे.”

“एकट्या काळीची कशाला? सगळ्यांचीच करू,” मी म्हणाले. “प्रत्येकाने आपल्या कुत्र्याचा नमुना सकाळी दवाखान्यात पाठवा.”

ते हो म्हणाले. बारा जणांना निरोप गेला. नमुना आला फक्त एक.

तो दीपाली मॅडमनी आणला. त्या कॉलेजात शिकवायच्या, पावसाळ्यात बदली होऊन पुण्याहून आलेल्या. त्यांचा ब्रूनो हा तीन वर्षांचा लॅब्रॅडोर, सोन्यासारखा रंग, कोणाच्याही अंगावर प्रेमाने जाणारा. नमुना त्यांनी औषधाच्या दुकानातून आणलेल्या कोऱ्या डबीत दिला होता. वर चिठ्ठी, चिठ्ठीवर तारीख आणि वेळ. एकतीस वर्षांत इतका व्यवस्थित नमुना मी पाहिला नव्हता. “पुण्यातही अधूनमधून त्याचं पोट बिघडायचं,” त्या म्हणाल्या. “तिथेही आम्ही त्याला कुत्र्यांच्या बागेत न्यायचो. आता तर बराच ठीक आहे, पण खात्री केलेली बरी.”

काळीचा नमुना आणायला मी स्वतः गेले. कुसुम नळाची पाइप घेऊन अनवाणी उभी होती. तिच्या घोट्याजवळ कातडीखालून एक लाल रेघ वाकडीतिकडी गेलेली दिसली.

“हे काय आहे गं पायाला?”

“का माहीत ताई. लय खाजते. रोज जराशी पुढं सरकते. साप चालल्यावानी.”

मला पाहताक्षणी कळलं. हूकवर्मच्या अळ्या ओल्या मातीत वाढतात आणि उघड्या पायातून माणसाच्या कातडीत शिरतात. माणूस त्यांचं घर नाही, म्हणून त्या वाट चुकल्यासारख्या कातडीखालीच फिरत राहतात. मी तिला मोठ्या दवाखान्यात कातडीच्या डॉक्टरांकडे जायला सांगितलं, चप्पल घालायला सांगितली. मग काळीचा नमुना घेतला. ती शेपूट हलवत मागे आली, पिल्लं तिच्या पोटाला लोंबत होती.

दुसऱ्या दिवशी दोन्ही नमुने लावले. गरगर फिरवणारं मशीन तेव्हा बंद होतं. दुरुस्तीला जाऊन दोन महिने झाले होते, पत्रं लिहून झाली होती. मी नेहमीप्रमाणे नळ्या भरून नुसत्या ठेवल्या. काळीच्या चकतीवर हूकवर्मची अंडी दिसली. भरपूर. त्यात नवल काहीच नव्हतं, रस्त्यावरच्या कुठल्याही कुत्रीत सापडतील. ब्रूनोची चकती मी या टोकापासून त्या टोकापर्यंत दोनदा पाहिली. काही नाही.

मी दोन रिपोर्ट लिहिले. काळी : हूकवर्मची अंडी मोठ्या प्रमाणात आढळली. ब्रूनो : जंतांची अंडी आढळली नाहीत. डॉक्टरांनी सही केली.

आता जे लिहिते आहे ते तेव्हाही मला माहीत होतं. हूकवर्म लहान आतड्यात रक्त पितो. रक्त पचून शी काळी, डांबरासारखी होते. मैदानातल्या कुत्र्यांना आव पडत होती, ताजं लाल रक्त शेवटी येत होतं, कुंथणं होतं. हे सगळं मोठ्या आतड्याचं दुखणं. म्हणजे काळीत सापडलेला जंत आणि बाकीच्यांचा आजार यांचा मेळ बसत नव्हता. शिवाय एका नमुन्यावरून, तेही मशीन नसताना, ब्रूनो स्वच्छ आहे असं म्हणता येत नव्हतं. तीन दिवसांचे तीन नमुने मागायला हवे होते. पण आमच्याकडे कामाची वाटणी पक्की होती. काय दिसलं ते तंत्रज्ञाने लिहायचं, त्याचा अर्थ डॉक्टरांनी लावायचा. आणि डॉक्टर त्या आठवड्यात लसीकरणासाठी गावोगाव फिरत होते. त्यांनी कागद पाहिला, मैदान पाहिलं नाही. मी मैदान रोज पाहत होते. मी बोलले नाही.

लेआउटची मीटिंग मैदानातच खुर्च्या टाकून झाली. वानखेडे साहेबांनी माझे दोन्ही रिपोर्ट मोठ्याने वाचले. ‘आढळली नाहीत’ हे वाचताना त्यांनी मान वर करून दीपाली मॅडमकडे पाहिलं आणि म्हणाले, “घरची कुत्री साफ आहे. म्हनजे घान कोनाची, ते आता कागदावर आलं.”

ढोबळे काका उठले. “बाकीच्या अकरा कुत्र्यांचं काय? माह्याच शेरूचं तपासलं नाई अजून.”

“तुमचा शेरू तिच्यासंगच खेळते काका. म्हनून तं बिमार पडला.”

लोक माझ्याकडे पाहायला लागले. मी एवढंच म्हणाले, “काळीला औषध दिलं तर ती बरी होईल. मी स्वतः देते.” कोणीतरी म्हणालं, आज ही, उद्या दुसरी येईल. कोणीतरी लहान मुलांचा विषय काढला. कुसुम नळाजवळ उभी होती, तिला कोणी काही विचारलं नाही. अर्ध्या तासात मीटिंग संपली.

दोन दिवसांनी दुपारी, मी दवाखान्यात असताना, एक टेम्पो आला. माणसांनी काळीला पोत्यात घातलं आणि घेऊन गेली. रस्त्यावरच्या कुत्रीला तिच्या जागेवरून असं हलवता येत नाही, कायदाच आहे. पण तक्रार कोण करणार होतं? संध्याकाळी कुसुमचा नवरा टेम्पोवाल्याला शोधून आला. तिला वडनेरच्या पुढे, शेताच्या कडेला सोडलं होतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे दोघं बसने वडनेरला गेली. दिवसभर फिरली. एका शेतकऱ्याने काळी कुत्री पाहिल्याचं सांगितलं, पण ती त्याच्याच शेजाऱ्याची निघाली. संध्याकाळी कुसुम माझ्या दारात आली. पाय धुळीने भरलेले, पायात चप्पल मात्र होती.

“नाई सापडली ताई. आवाज देत गेलतो आमी. पिल्लं दुधासाठी कोकलून राह्यली.”

मी तिला शेळीचं दूध, ड्रॉपर आणि जंताचं औषध दिलं. पिल्लांच्या हिरड्या पाहिल्या तर कागदासारख्या पांढऱ्या. आईच्या दुधातूनच हूकवर्म त्यांच्या पोटात गेलेला होता. मी औषधाचा डोस वजन करून काढला, डॉक्टरांना फोनवर विचारून घेतलं. पण रक्त फार गेलेलं होतं आणि अंगाला ऊब द्यायला आई नव्हती. एक त्याच आठवड्यात गेलं, दुसरं पुढच्या. कुसुमने त्यांना कडुनिंबाखाली पुरलं. तिसरं, पांढऱ्या पायांचं, तग धरून राहिलं.

काळी गेली तरी मैदानातली कुत्री काही बरी झाली नाहीत. वानखेडे साहेब म्हणाले, औषधाला वेळ लागतो. महिनाभराने ढोबळे काका दवाखान्यात आले. हातात तीन डब्या, तिन्हीवर पेनने वार लिहिलेले. सोमवार, मंगळवार, बुधवार.

“तुमी त्या दिवशी मीटिंगमधी गप्प बसल्या होत्या,” काका म्हणाले. “मी रेल्वेत पॉइंट्समन होतो, रूळ बदलनारा. तिथं एक मानूस गप्प बसला का गाडी चुकीच्या रुळावर जाते. गप्प बसलेला मानूस मले वळखू येते. आता नीट पाहून द्या.”

मशीन चारच दिवसांपूर्वी दुरुस्त होऊन आलं होतं. मी तिन्ही नमुने फिरवले. सोमवारच्यात काही नाही. मंगळवारच्यात काही नाही. बुधवारची चकती लावली आणि कोपऱ्यातच ते दिसलं. तपकिरी, लांबट, मध्ये फुगीर आणि दोन्ही टोकांना बूच लावल्यासारखं. अगदी छोटी ढोलकी. मग दुसरं, मग तिसरं.

हे व्हिपवर्मचं अंडं. हा जंत चाबकासारखा असतो, एक टोक दोऱ्यासारखं बारीक. ते टोक तो मोठ्या आतड्याच्या भिंतीत खुपसून राहतो, त्यामुळे आव आणि लाल रक्त. अंडं जड, मशीनशिवाय सहसा वर येत नाही. अंडी रोज पडतही नाहीत. कुत्र्याच्या पोटात जंत गेल्यापासून पहिलं अंडं दिसायला जवळपास तीन महिने लागतात, कुत्रं त्याआधीच आजारी दिसायला लागतं. दुकानातल्या नेहमीच्या बाटलीने तो मरत नाही. आणि सर्वांत वाईट म्हणजे सावलीतल्या ओल्या मातीत ती अंडी वर्षानुवर्षं जिवंत राहतात. आमच्या मैदानात कडुनिंबाची सावली होती आणि रोज दोन वेळा पाणी.

मी उठून मोरीपाशी गेले आणि उगाचच हात धुतले. मग डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी डोळा लावून पाहिलं आणि विचारलं, “आधी का नाही सापडलं?”

“ब्रूनोचा एकच नमुना घेतला होता सर. आणि मशीन नव्हतं.”

“मग तसं लिहायचं ना रिपोर्टवर.”

ते रागावून बोलले नाहीत. तेच जास्त लागलं.

त्या आठवड्यात मी घरोघर फिरून नमुने गोळा केले. या वेळी लोकांची वाट पाहिली नाही, सकाळी मैदानात कुत्र्यांच्या मागे मीच डब्या घेऊन उभी राहिले. अकरा कुत्र्यांचे तीन-तीन दिवसांचे नमुने. आठांमध्ये ढोलकी निघाली. त्यात वानखेडे साहेबांचा शेफर्ड होता, आणि ब्रूनोही. ब्रूनोमध्ये सर्वांत जास्त.

दीपाली मॅडमना मी त्यांच्या घरी जाऊन सांगितलं. त्यांनी कागद दोनदा वाचला.

“म्हणजे आम्हीच आणलं हे? पुण्याहून?”

“ते सांगता येणार नाही मॅडम. मैदानात आधीपासून असू शकतं.”

“पण आधी इथली कुत्री आजारी नव्हती ना?”

“नव्हती.”

“मग त्या काळीचं...” ब्रूनो येऊन त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून बसला. त्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला, पण फिरवला नाही.

खरं सांगायचं तर काळीच्या पोटात व्हिपवर्म नव्हताच असंही मी म्हणू शकत नाही. तिचाही नमुना मशीनशिवाय लावला होता आणि तोही एकच होता. परत तपासायला काळी नव्हती. वर्षभर माझ्या मनात हेच फिरत राहिलं. मी लिहिलेला एकही शब्द खोटा नव्हता. दोन्ही कागद खरे होते. आणि त्या दोन खऱ्या कागदांनी मिळून जे सांगितलं ते खरं नव्हतं.

डॉक्टरांनी औषध बदललं. सलग तीन दिवस द्यायचं, तीन आठवड्यांनी परत, तीन महिन्यांनी पुन्हा. तरुण कुत्री सुधारली. शेरू म्हातारा होता आणि आधीच सुकून गेला होता. एका सकाळी काका त्याला रिक्षात घालून घेऊन आले. शेरूला उभं राहता येत नव्हतं. डॉक्टरांनी सलाईन लावलं. मी नळी धरून उभी होते, काका जमिनीवर बसून त्याचा मोडका कान बोटांत धरून होते.

“याले म्या साखळी कधीच लावली नाई,” काका म्हणाले. “मोकळं फिरू दे म्हटलं, जिंदगीभर. मैदान त याच्यासाठीच केलं होतं न मी.”

मी म्हणाले, “काका, चूक तुमची नाही.”

“मंग कोनाची?” त्यांनी वर पाहिलं. आवाजात आरोप नव्हता, त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. मला उत्तर माहीत होतं, त्यातला माझा वाटाही माहीत होता. त्या दिवशी मात्र मी गप्प बसले नाही. मशीन बंद असल्याचं सांगितलं, एकाच नमुन्याचं सांगितलं, मीटिंगमध्ये जे बोलायला हवं होतं तेही सांगितलं. काकांनी सगळं ऐकून घेतलं. दुपारी शेरू गेला. त्याला घेऊन जाताना काका एवढंच म्हणाले, “बरं केलं, सांगितलं.” त्यानंतर ते माझ्याशी नेहमीसारखं बोलत राहिले, पण मैदानाच्या बाजूला परत फिरकले नाहीत. पुढच्या उन्हाळ्यात मुलगी त्यांना घेऊन गेली.

दुसरी मीटिंग मी मागून घेतली. सगळे निष्कर्ष कागदावर लिहून नेले होते. जंत कोणता, तो कुठून येऊ शकतो, पहिला रिपोर्ट का अपुरा होता. वरची माती खरवडून उन्हात टाकावी लागेल, प्रत्येकाने आपल्या कुत्र्याची घाण लगेच उचलावी लागेल, आणि काळीला हलवलं ते चुकीचं झालं. शेवटचं वाक्य मी दोनदा वाचलं.

वानखेडे साहेबांनी शांतपणे ऐकलं. माणूस वाईट नव्हता. कोरोनाच्या दिवसांत त्यांनी घरोघरी भाजी पोचवली होती. पण ते म्हणाले, “आता कायले उकरून काढता मॅडम? झालं ते झालं. कुत्री गेली ना एक, रस्त्यावरची. मानसं त नाई गेली.” दीपाली मॅडम काहीतरी बोलायला उठल्या, पण तोवर चर्चा माती काढायला किती मजूर लागतील यावर गेली होती. शेवटी ठरलं की एवढा उपद्व्याप नकोच, मैदान कुत्र्यांना बंद करायचं. पाटी काढली, गेटला कुलूप लावलं. पाणी घालायचं नसल्यामुळे राखणदाराचीही गरज उरली नाही. कुसुम आणि तिच्या नवऱ्याला महिनाअखेरीस खोली रिकामी करायला सांगितलं. हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. मी मागून घेतलेल्या मीटिंगमधून निघालेलं हे एकच ठोस काम.

ती जाणार त्या सकाळी मी गेले. सामान बाहेर काढलेलं, दोन गाठोडी, एक पेटी, एक प्लास्टिकची खुर्ची. नवरा रिक्षा आणायला गेला होता. पांढऱ्या पायांचं पिल्लू पेटीला दोरीने बांधलेलं होतं. मी नवीन रिपोर्टची एक प्रत तिच्यासाठी नेली होती. का नेली कोण जाणे. तिला वाचता येत होतं थोडंफार.

“कुसुम, काळीमुळे नाही झालं ते. निदान तसं म्हणायला काही आधार नव्हता. हे बघ, लिहिलं आहे यात.”

तिने कागद घेतला, उलटा-सुलटा करून पाहिला.

“मले त माहीतच होतं ताई. कागद तुमाले पाह्यजे होता.”

तिने तो घडी करून मला परत दिला. “मी कोनाले दाखवू? राहू द्या तुमच्यापाशी.” मग पिल्लाकडे बोट दाखवून म्हणाली, “याचं तेवढं पाहून द्या. हिरवी-पिवळी हागवन लागून राह्यली दोन दिसापासून.”

मी पिल्लू उचललं, ओठ वर करून हिरड्या पाहिल्या. पूर्वीपेक्षा बऱ्या, पण अजून फिक्या. जुलाब व्हिपवर्मचे असतील, हूकवर्मचे असतील, की नुसतं खाणं बदलल्याचे, बघून सांगता येत नव्हतं. नमुना घेऊन दवाखान्यात जायला वेळ नव्हता, रिक्षा वळणावर दिसत होती. पर्समध्ये औषधाची बाटली होती, दोन्ही जंतांवर चालणारी. मी तिला डोस सांगितला. आज, उद्या, परवा. मग तीन आठवड्यांनी, मग तीन महिन्यांनी. तिच्याकडून दोनदा म्हणवून घेतलं. पाणी जास्त पाज, उन्हात ठेवू नको, असंही सांगितलं.

“येजो ताई कधी गावाकडं,” ती रिक्षात बसताना म्हणाली.

“येईन,” मी म्हणाले.

रिक्षा निघून गेल्यावर लक्षात आलं की तिचा फोन नंबर मी घेतलाच नव्हता. तिच्या गावाचं नावही नीट विचारलं नव्हतं, कारंजाकडचं एवढंच माहीत होतं. पुढच्या महिन्यात मी निवृत्त झाले. ते पिल्लू जगलं की नाही, मला माहीत नाही.